कॅप्टन कोळेकरांची झोप

माणूस भेटला की लोक ‘काय, बरं आहे ना?’ असं विचारतात. कॅप्टन कोळेकर ‘झोप झाली का?’ असं विचारायचे. सकाळी भेटा, भर दुपारी भेटा, लग्नाच्या मांडवात भेटा, प्रश्न हाच. आणि विचारून मोकळे व्हायचे नाहीत. उत्तर येईपर्यंत समोरच्याच्या डोळ्यांत बघत राहायचे, आणि उत्तर खोटं असलं तर स्वतःच आकडा सांगायचे. “चार तास. त्यातला शेवटचा कुशी बदलन्यात गेलाय.” माझ्या बाबतीत त्यांचा आकडा क्वचितच चुकला असेल.

पहिल्यांदा ते आमच्या सांगलीच्या घरी आले तेव्हा हा प्रश्न त्यांनी थेट अण्णांनाच केला. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पेठेत हळदीची अडत होती. जेवणानंतर ते गादीवर तक्क्याला टेकून, हातात जपमाळ धरून तासभर डोळे मिटत. त्या वेळी त्यांचा जप चालू असतो, हे सगळ्या पेठेने मान्य केलेलं होतं. दोन गिऱ्हाइकं समोर बसलेली, अण्णांनी नुकतेच डोळे उघडलेले, आणि दारातला उंच, काळासावळा, खाकी शर्टातला परका माणूस विचारतो आहे, “झोप झाली का?” गिऱ्हाइकं तोंडावर उपरणं धरून हसली. अण्णा दादाला म्हणाले, “तुझा पायलट पुन्हा आला तर त्याला मागच्या दाराने आण.”

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ भूपाल. लढाईच्या दिवसांत तो हवाई दलात वायरलेस शिकला. लढाई संपली, सरकारने माणसं कमी केली, आणि अमेरिकनांनी मागे टाकलेली डकोटा विमानं घेऊन मुंबईत नव्या कंपन्या उभ्या राहिल्या. त्यातल्या एकीत दादा वायरलेस ऑपरेटर म्हणून लागला. कोळेकर त्याचे कॅप्टन. पूर्ण नाव बिरू मायाप्पा कोळेकर, राहणार दहिवडीजवळची एक वस्ती, तालुका माण. घर मेंढपाळाचं, पण वडील पलटणीत हवालदार होते, म्हणून मुलगा साताऱ्याच्या बोर्डिंगात राहून मॅट्रिक झाला आणि लढाईत पायलट झाला. दादा सांगायचा की रेडिओवर त्यांचं इंग्रजी ऐकून गोरे लोकही ‘सर’ म्हणत. आमच्या सोप्यावर बसले की मात्र ते माणदेशीशिवाय काही बोलत नसत. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, आणि चूक दिसली की लाल शाई काढायची खोड घरीही सुटत नव्हती. एकदा मी त्यांना ‘न्हाई नव्हे, नाही’ असं सुधारलं. ते म्हणाले, “मास्तरीणबाई, वर इंग्रजी बोलून बोलून जबडा दुकतोय. खाली तरी सैल सोडू द्या की.” तेव्हापासून मी त्यांची मास्तरीणबाई झाले. माझं नाव पद्मा आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी ते कधी उच्चारलं नाही आणि मीही त्यांना कधी नावाने हाक मारली नाही.

रजा मिळाली की दोघे मिरजेला उतरून टांग्याने सांगलीला यायचे. कोळेकर एक दिवस आमच्याकडे नुसते झोपायचे आणि मग आपल्या गावाला जायचे. याचं कारण त्यांनी आईला सांगितलं होतं. वस्तीवर विमानवाला आला की आजूबाजूच्या चार वाड्यांतली माणसं त्याला बघायला येत. एक म्हातारी दर खेपेला विचारायची की इतक्या वर जातोस तर माझा मालक कुठं दिसतो का. “तिला न्हाई कसं म्हनायचं? म्हून म्हंतो, लांबनं दिसल्यागत वाटलं. मग ती बसतीया, त्येनी काय घातलं हुतं ते इचारत. आई, तितं झोप न्हाई.”

आमच्या घरी दिवस मावळला की चूल पेटत नसे आणि पानंही वाढली जात नसत. आम्ही जैन, आई त्याबाबत कडक. एकदा टांग्याचं चाक निखळलं आणि दोघे दिवेलागणीनंतर पोचले. आईचा जीव खालीवर झाला, पाहुणा उपाशी आणि नेम मोडता येत नाही. कोळेकर म्हणाले, “आई, जेवन उद्या बी मिळंल. अंथरून कुटं हाय ते सांगा.” आई म्हणाली, “भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा म्हणतात ते काही खोटं नाही.” ते माडीवर हळदीच्या पोत्यांमध्ये वाकळ टाकून झोपले, ते दुसऱ्या दिवशी दुपारी उठले. खाली आले तेव्हा पाठ, मान, कानामागचा भाग सगळा पिवळा झालेला. आई हसून म्हणाली, “हळद तर लागली, आता नवरी तेवढी बघायला हवी.” मी ताट वाढत होते. उगाच काहीतरी आठवल्यासारखं करून मी आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

लपवण्यात आता काय अर्थ आहे? मी त्यांची वाट बघत असे. हळदीच्या अडत्याची मुलगी आणि माणचा मेंढपाळ, हे त्या काळात होणार नव्हतं, आणि मला ते न सांगता कळत होतं. पण दादाचं पत्र आलं की मी आधी शेवटची ओळ वाचायची. तिथे ‘बिरूही येतो आहे’ असं असलं तर त्या आठवड्यात माझ्या वर्गातल्या मुलींना गृहपाठ कमी मिळे.

झोपेचं एवढं वेड कशापायी, असं मी त्यांना एकदा विचारलं. त्यावर त्यांनी त्यांच्या रानातला रिवाज सांगितला. “दिवाळीच्या सुमाराला आमची मेंढरं खाली किस्नाकाठाला उतरत्यात. रातच्याला लांडगं येत्यात, म्हून एक जन जागा ऱ्हातो. सकाळ झाली की त्यानं आपली काठी कळपाच्या कारभाऱ्याच्या हातात द्यायची आन् झोपायचं. झोपून उटल्याबिगर काठी माघारी मिळत न्हाई. आन् हातात काठी न्हाई त्यानं मेंढरामागं जायाचं न्हाई. मग त्यो कारभाऱ्याचा ल्योक असंना का.”

“आणि माणसं कमी असली तर?”

“तर मेंढरं काट्यांच्या वाड्यातच कोंडून ऱ्हात्यात. येक दिस उपाशी ऱ्हायल्यानं मेंढरू मरत न्हाई, मास्तरीणबाई.”

त्यांच्या चुलत्याने एकदा हा रिवाज मोडला होता. रात्रभर जागला, सकाळी काठी दिली नाही, हट्टाने मेंढरांमागे गेला. दुपारी ओढ्याच्या दरडीवर काठीवर हनुवटी टेकून उभा राहिला. पुढचं मेंढरू दरडीवरून खाली गेलं आणि त्याच्यामागे एकेक करून बाकीची. चुलता उभाच होता, डोळे उघडे. “त्येला इचारलं तर म्हनला, म्या झोपलोच न्हवतो. आन् त्यो खोटं बोलत न्हवता. झोपलेल्या मानसाला कळतच न्हाई की आपुन झोपलो हुतो.” दादाने माझ्याकडे बघितलं. त्यांच्यात काहीतरी घडून गेलेलं आहे, हे मला त्या नजरेवरून कळलं.

ते दादाने मला नंतर सांगितलं. फाळणीच्या साली कंपन्यांची सगळी विमानं निर्वासितांना आणायला लावली होती. ज्या विमानात पंचवीस माणसं बसायची त्यात साठ-सत्तर कोंबलेली असत. वीस-वीस तास ही मंडळी विमानातच असायची. एका दुपारी दादाने वायरलेसवरचा निरोप कोळेकरांना तीनदा ओरडून सांगितला. ते सरळ समोर बघत होते, हात जागच्या जागी होते, पण उत्तर नाही. दादाने सुरईतलं पाणी त्यांच्या मानेवर ओतलं. ते दचकले, समोर बघितलं आणि म्हणाले, “भूपाल, मगा डाव्या हाताला दोन डोंगर हुतं. ते कवा गेलं?” मागे साठ माणसं होती, त्यातली निम्मी पोरंबाळं. विमान नीट उतरलं. कोळेकर उतरून चाकाला टेकून बसले.

त्यानंतरच्या रजेत ते आले ते कोरे कागद घेऊनच. कंपनीला अर्ज करायचा होता. इंग्रजी त्यांचंही चांगलं होतं, पण अक्षर म्हणजे कावळ्याचे पाय, आणि टंकलेखनाला कंपनीतल्या कुणाला सांगायची सोय नव्हती. दोन दिवस मागच्या अंगणात ते माणदेशीत बोलत होते आणि मी इंग्रजीत लिहीत होते. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दोन दिवस, आणि विषय काय, तर पायलटने किती तास झोपावं. अमुक तास उड्डाण झालं की अमुक तास सलग विश्रांती. विश्रांतीची जागा म्हणजे अंथरूण, बाकडं नव्हे. आणि तिसरं कलम त्यांनी मला चार वेळा लिहायला लावलं. विमानतळावर विमानाची वाट बघत काढलेला वेळ विश्रांतीत धरू नये. “वाट बघनं म्हंजी झोप न्हवं. वाट बघनारं मानूस तर सगळ्यात जास्त जागं असतंय.” मी मान खाली घालून लिहीत राहिले.

अर्जाच्या शेवटी मी रिवाजाप्रमाणे ‘नम्रपणे याचना करतो’ अशा अर्थाचं वाक्य घातलं होतं. ते त्यांनी खोडलं. “याचना कशापायी? भाकरी मागतोय व्हय मी?” मग म्हणाले, “तुमी लिवलंय म्हून ऱ्हाऊ द्या.” आणि खोडलेली अक्षरं पुन्हा गिरवून ठेवली.

अर्जावरून आमच्या सोप्यावर मोठा वाद झाला. अण्णांचं म्हणणं, हंगामात आमचे हमालसुद्धा झोपत नाहीत, काम आहे तेव्हा माणूस जागतोच. कोळेकर म्हणाले, “अण्णा, हमालाला डुलकी लागली तर पोतं पडतंय. पुन्ना उचलता येतंय.” अण्णा व्यापारी माणूस, त्यांना हिशेब पटला की ते वाद सोडून देत. ते एवढंच म्हणाले, “मग सही करणारे किती आहेत?” इथे सगळं अडलं होतं. बाकीचे पायलट सही करायला तयार नव्हते. बहुतेक सगळे लढाईतून आलेले, झोप येते असं म्हणणं त्यांना बायकी वाटे. एकाने कोळेकरांना तोंडावर सांगितलं होतं की ज्याला गाई-गाई करायची आहे त्याने पाळण्यात जावं. कंपनीच्या मॅनेजरने आयुष्यात विमानाचं चाक हातात धरलेलं नव्हतं, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकण्यातलाच प्रकार. पण तोही हेच म्हणे, लढाईत याच्या तिप्पट उडालात ना? अर्जावर शेवटी दोनच सह्या झाल्या, एक कोळेकरांची आणि दुसरी दादाची. अर्ज गेला. उत्तर आलं नाही.

दादाने सही केली याचा मला अभिमान वाटला होता.

पुढची हकिकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली, पण सांगताना सरळच सांगते. हिवाळ्याचे दिवस होते. कोळेकर आणि दादा सलग दोन दिवस उडून सकाळी मुंबईला उतरले. उतरल्या उतरल्या निरोप मिळाला की दुपारी पुन्हा निघायचं आहे, कापडाचे गठ्ठे न्यायचे आहेत. दोघांना सांगितलं होतं की तोवर बाकावर विश्रांती घ्या. कोळेकर उठले, मॅनेजरच्या खोलीत गेले आणि डोक्यावरची टोपी काढून त्याच्या टेबलावर ठेवली. म्हणाले, मी जागलेला आहे, झोपून येतो आणि मग टोपी घेतो. मॅनेजरने टोपी बाजूला सरकवली आणि ‘ठीक आहे’ म्हटलं. कोळेकर जवळच्या कामगारांच्या चाळीत गेले आणि एका मेकॅनिकच्या खोलीत झोपले.

त्यांचा समज असा की काठी कारभाऱ्याच्या हातात दिली, आता मेंढरं वाड्यात राहतील. त्यांच्या रानात दुसरं काही होतच नाही. तिथला कारभारी रात्रभर त्याच माळावर असतो, त्याला ठाऊक असतं कोण जागलाय ते. मुंबईच्या मॅनेजरने दहा मिनिटांत दुसरा पायलट शोधला. एक तरुण मुलगा, नुकताच लागलेला, तोही पहाटेच परत आलेला. ‘नाही’ म्हणण्याइतकी त्याची नोकरी जुनी नव्हती. वायरलेसवर दादाचं नाव होतंच. दुपारी, आभाळ निरभ्र असताना, ते विमान वाटेतल्या एका डोंगराला जाऊन धडकलं. विमानातलं कुणी वाचलं नाही.

आठ-दहा दिवसांनी कोळेकर दादाची ट्रंक घेऊन आले. पुढच्या दाराने आले. दार मी उघडलं. ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि पहिल्यांदाच त्यांनी मला काही विचारलं नाही. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. त्या क्षणी माझ्या मनात एकच होतं, की हा माणूस उभा आहे आणि दादा नाही, आणि हा त्या दुपारी झोपला होता. मी म्हणाले, “तुमची झोप झाली ना?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, “व्हय. लय गाढ लागली हुती.” ट्रंक सोप्यावर ठेवली, आत जाऊन आईच्या आणि अण्णांच्या पाया पडले, आणि पाणीसुद्धा न घेता आल्या टांग्याने मिरजेला गेले. आईने मला विचारलं, तू काय बोललीस त्याला? मी काही नाही म्हणाले. आईशी बोललेलं तेवढं एक खोटं मला अजून टोचतं.

चौकशी झाली. कंपनीच्या कागदांत त्या तरुण पायलटची विश्रांती भरपूर दाखवलेली होती, कारण बाकावर वाट बघत काढलेले तास त्यात धरलेले होते. कोळेकरांनी उभं राहून साक्ष दिली आणि आमचा अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवला, माझ्या त्या याचनेसकट. निकाल पायलटच्या चुकीवर गेला. कोळेकरांनी नोकरी सोडली आणि ते गावाकडे गेले, एवढं आमच्या कानावर आलं.

त्यानंतर काही महिन्यांनी तो मेकॅनिक मिरजेला त्याच्या आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आला होता, तेव्हा आम्हाला भेटायला आला. ज्याच्या खोलीत ते झोपले होते तोच हा. त्याच्याकडून कळलं की त्या सकाळी कोळेकर दादाला हाताला धरून ओढत होते. “चल गड्या, तू बी चल, तुजं डोळं बघ.” दादा हसून म्हणाला होता, “अरे, तू टोपी दिलीस ना? मग विमान कुठे जातंय? मी इथेच बाकावर पडतो.” दादाचाही समज तोच झाला होता. इतक्या दिवसांच्या संगतीने तोही अर्धा माणदेशी झाला होता. विमान जातंय हे कळलं तेव्हा त्याने मॅनेजरला विचारलं, आणि मॅनेजर म्हणाला की तुझी टोपी माझ्या टेबलावर नाही. मेकॅनिकने आणखी एक गोष्ट सांगितली. संध्याकाळी बातमी द्यायला त्याने कोळेकरांना हलवून उठवलं, तेव्हा त्यांनी डोळे उघडून आधी विचारलं होतं, भूपाल जेवला का.

मी काय बोलून बसले होते ते मला तोवर कळत नव्हतं असं नाही. बोललेल्या क्षणीच कळलं होतं. पण मेकॅनिक येऊन गेला त्या दिवसापासून मला घरात बसवेना. पत्र लिहायला घेतलं की लाल शाईने खोडलेल्या वह्यांसारखी कागदांची गत व्हायची. शेवटी मी अण्णांना सांगितलं की मला दहिवडीला जायचं आहे. अण्णा हातातली चोपडी मिटून म्हणाले, “पेढीवरच्या दिवाणजींना सोबत ने.”

पुढे कोळेकर उत्तरेकडे कुठल्याशा फ्लाइंग क्लबात शिकवायला गेले, आणि तिथेच काही वर्षांनी काविळीने वारले. शिकाऊ पोरांना ते आधी झोपेबद्दल विचारत आणि मगच विमानाजवळ जाऊ देत, असं कुणीतरी सांगितलं. विमानांच्या बाबतीत आता नियम झाले आहेत म्हणे. माझ्या भाच्याचा मित्र पायलट आहे, त्याला मी एकदा विचारलं की वाट बघण्याचा वेळ विश्रांतीत धरतात का. तो म्हणाला, नाही मावशी, तो निराळा मोजतात. पण भांडणं अजून चालूच असतात. मी त्याला चहा करून दिला आणि आत येऊन रडले. कोळेकर वारल्याची बातमी आली तेव्हा माझं लग्न होऊन दोन मुलं झाली होती, तेव्हा मला रडता आलं नव्हतं.

पण आमची शेवटची भेट, तिला भेट म्हणायचं तर, ती या सगळ्याच्या आधीची, दहिवडीची. आम्ही सांगलीहून विट्याला आणि तिथे मोटार बदलून मायणीवरून गेलो. दिवाणजींचे गुडघे दुखत होते, ते दहिवडीला मोटारींच्या अड्ड्यावरच थांबले. मी एका गाडीवानाबरोबर वस्तीवर गेले. उन्हाळा सरत आला होता, मेंढरं नुकतीच कृष्णाकाठाहून परतलेली, माळावर गवताची काडी नव्हती. गाडीवाट त्या वस्तीपर्यंत जात होती आणि मेंढरांच्या वाड्याच्या काट्यांपाशी संपत होती. मेंढरं आत कोंडलेली होती. दारात लाल पागोट्याचे एक म्हातारे बसले होते, मिशा पलटणीतल्या, आणि त्यांच्या मांडीवर एक काठी आडवी होती. मी ओळख सांगितली. सांगली आणि भूपाल ही दोन नावं ऐकल्यावर ते उठून उभे राहिले.

“बसा, बाई. बिरू तितं हाय,” असं म्हणून त्यांनी कडुलिंबाकडे बोट केलं. लिंबाखाली घोंगड्यावर ते झोपले होते. कुशीवर, एक हात डोक्याखाली, तोंड थोडं उघडं. आल्यापासून ते रोज रात्रीची राखण स्वतःच करतात, दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत, असं म्हातारे सांगत होते. सकाळी काठी द्यायचे, पडायचे आणि डोळे उघडे ठेवून संध्याकाळपर्यंत तसेच पडून राहायचे. “आज पयल्यांदा डोळा लागलाय. म्हून मेंढरं बी सोडली न्हाईत, घुंगराच्या आवाजानं जागा व्हईल.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “पर तुमी लांबनं आलाय. उटवू का?”

मी नको म्हणाले.

मी तिथे दोनेक तास बसले. कोळेकरांच्या आईने मला ताक दिलं. ऊन सरकलं तशी सावली त्यांच्या तोंडावरून हलली, तेव्हा म्हाताऱ्यांनी जाऊन आपलं उपरणं फांदीवर टाकलं. मला जे बोलायचं होतं ते मी वाटेत मोटारीत पुन्हा पुन्हा घोकलं होतं. चार वाक्यं होती. शेवटचं वाक्य दादाबद्दल नव्हतं. मी त्यांच्याकडे बघत बसले आणि एकेक वाक्य मनात बोलून घेतलं. त्यांनी एकदा कूस बदलली, तेव्हा मला भीती वाटली, उठतील म्हणून आणि उठणार नाहीत म्हणूनही. ते उठले नाहीत. गाडीवान खाकरायला लागला, शेवटची मोटार चुकली असती.

आज वाटतं, उठवायला हवं होतं. ते चिडले नसते. माझ्यावर ते कधीच चिडले नव्हते.

निघताना म्हाताऱ्यांनी विचारलं, “उटल्यावर त्येला काय सांगू?” चारही वाक्यं माझ्या जिभेवर होती. दुसऱ्याच्या तोंडून सांगण्यासारखं त्यातलं एकही नव्हतं. मी म्हणाले, “काही नाही. वाटेवरून चालले होते, म्हणून डोकावले.”

म्हाताऱ्यांनी काट्यांपाशी संपलेल्या त्या गाडीवाटेकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाले, “व्हय. हितनंच जावं लागतंय.”